‘लागली’ म्हणायला काय जाते?

मी एक जुना चेस्ट गार्ड आहे. तायक्वांदो शिकणारी मंडळी फाइट खेळताना छाती-पोटावर जे जाड फोमचे कवच बांधतात ना, तोच मी. एका अंगाने लाल, उलटा केला की निळा. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूने आपली कहाणी सांगताना आधी चार गोड शब्द बोलावेत अशी रीत आहे, हे मला ठाऊक आहे. पण मी वैतागलो आहे, त्यामुळे ते राहू द्या. लाथांना मी कधी वैतागलो नाही. त्या खाण्यासाठीच माझा जन्म आहे. मी वैतागलो आहे मला घालून उभ्या राहणाऱ्या माणसांना. लाथ पडते माझ्यावर आणि लाज वाटते त्यांना.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. एका टोकाला फोमचे ताव कापत, दुसऱ्या टोकाला शिलाईची यंत्रे ओळीने मांडलेली. मला शिवणारी बाई बडबडी होती. माझे पाठीमागचे पट्टे शिवून झाल्यावर तिने मला स्वतःच्याच अंगाला लावून पाहिले, हात मागे नेले, बराच वेळ चाचपडली आणि शेवटी शेजारच्या यंत्रावरच्या बाईला हाक मारली.

“अगं, हे बांध गं जरा. कोणी काढलाय हा नमुना? एकट्या माणसाला घालताच येत नाही.”

शेजारीण पट्टे ओढत म्हणाली, “एकट्या माणसाला हवाय कशाला? लाथ मारणारा कोणीतरी असेलच ना समोर. तो बांधेल.”

दोघी पोट धरून हसल्या. मला वाटले, ही थट्टा आहे. पण नंतर मी जिथे जाऊन पडलो, तिथे नेमका हाच नियम होता.

गाद्यांच्या दुकानावर एक हॉल आहे. जिना अरुंद, खिडक्या मोठ्या, एका कोपऱ्यात माझे कपाट आणि जमिनीवर निळ्या मॅट. खालच्या दुकानात माझ्याच फोमचे भाईबंद आरामात पसरलेले असतात. येणारे-जाणारे त्यांच्यावर हात फिरवतात, ‘किती मऊ!’ म्हणून कौतुक करतात. एकाच तावातून निघालेल्यांच्या नशिबात एवढा फरक! पण तक्रार नाही. निदान माझ्यावर कोणी घोरत नाही.

हा हॉल चालवणाऱ्या मॅडम दिवसा चष्म्याच्या दुकानात काम करतात. समोरच्याला नीट दिसते आहे की नाही, हे विचारण्यात त्यांचा दिवस जातो आणि संध्याकाळीही वेगळे काही नसते. त्या आवाज चढवत नाहीत, त्यामुळे ऐकणाऱ्याला जास्त घाम फुटतो. त्यांच्या क्लासचे नियम साधे आहेत. ज्याच्याशी फाइट खेळायची त्यानेच तुमचा गार्ड बांधायचा. म्हणजे जो आता तुम्हाला लाथ मारणार, त्याच्याकडे आधी पाठ करून उभे राहायचे आणि ‘बांधतोस का?’ असे विचारायचे. ज्याच्या कमरेला वरच्या रंगाचा पट्टा, त्याने खालच्या पट्ट्याशी खेळताना पाय आवरायचा. किक नुसती टेकवायची. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम हा की गुण मोजायला यंत्र नाही, पंचही नाही. ज्याला किक लागली त्याने स्वतःच्या तोंडाने म्हणायचे, ‘लागली.’

बस्स. तीन अक्षरे. ती म्हणताना माणसांची काय त्रेधा उडते, ते मी एवढी वर्षे आतून-बाहेरून पाहिले आहे.

सुरुवातीला मी नवा होतो, चकचकीत होतो. मला घालायला पोरे धक्काबुक्की करायची. कोणीतरी माझा वास घेऊन ‘नव्या गाडीसारखा येतोय’ असेही म्हणाले होते. पण एकदा ‘शिजाक’ म्हणून मॅडमनी फाइट सुरू केली की ही गोड पोरे वकील व्हायची. “हाताला लागली.” “मी तेव्हा मागे सरकत होतो.” “मी तयारच नव्हतो.” आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे, “गार्डला लागली, मला नाही!” अरे गाढवा, मग मी काय भिंतीवर टांगलेला होतो? मला वाचा असती तर मी भर क्लासमध्ये बोंब मारली असती. प्रत्येक किक मला कळते. कुठे लागली, किती लागली, पायाच्या वरच्या भागाने लागली की नुसत्या बोटांनी, सगळे कळते. पण साक्षीला मला कोण बोलावणार?

एक मुलगी मात्र वेगळी होती. ती आली तेव्हा एवढीशी होती की मी तिच्या गुडघ्यांपर्यंत लोंबायचो आणि ती माझ्यात हरवून जायची. ती किक लागायच्या आधीच ‘लागली!’ म्हणून ओरडायची. मॅडमनी तिला समजावले, “आधी लागू तर दे, बाळा.” मोठी होत गेली तसा तिचा पाय असा तयार झाला की वाऱ्यासारखा यायचा आणि माझ्यापाशी येऊन टिचकी मारल्यासारखा टेकायचा. म्हणून सगळे तिला टिचकी म्हणू लागले. क्लास संपल्यावर माझी गाठ पूर्ण सोडून, ओल्या फडक्याने मला पुसून खिडकीत वाळत ठेवणारीही तीच. बाकीचे मला घामाने भिजलेल्या अवस्थेत कपाटात कोंबून पळायचे. मग मला कुबट वास येतो आणि वर तेच नाक मुरडतात. असो.

टिचकीचे बाबा ड्रायव्हिंग स्कूल चालवतात. शिकाऊ लोकांच्या त्या गाडीत शेजारच्या सीटसमोरही एक ब्रेक असतो. त्या ब्रेकवर पाय ठेवून त्यांची हयात गेली. क्लासमधली पोरे त्यांना ब्रेककाका म्हणतात. वर्षानुवर्षे ते मुलीला सोडायला यायचे आणि खाली गाडीत बसून राहायचे. मग डॉक्टरांनी त्यांना पोट कमी करायला सांगितले. एका संध्याकाळी ते मुलीच्या मागोमाग जिना चढून आले आणि मॅडमना म्हणाले, “इतकी वर्षं बघतोय, मलाही येतच असेल थोडंफार.”

मॅडमनी त्यांच्या हातात पांढरा पट्टा ठेवला. तिथून माझ्या डोक्याला जो ताप झाला, मित्रांनो, तो सांगतो.

टिचकीचा पट्टा तोवर लाल, म्हणजे काळ्याच्या खालोखाल, झाला होता. क्लासमध्ये पट्टा बघतात, नाते बघत नाहीत. फाइटच्या आधी दोघांनी एकमेकांना वाकून नमस्कार करायचा. लेक कमरेतून नीट वाकली. ब्रेककाकांनी रस्त्यापलीकडच्या ओळखीच्या दुकानदाराला करतात तशी मान हलवली.

“बाबा, पाठ करा. गार्ड बांधते,” टिचकी म्हणाली.

“मी घेतो ना बांधून माझं मी.”

“मागे गाठ असते. एकट्याला येत नाही.”

“तुझ्या बुटांची लेस कोण बांधायचं गं? मला गाठी शिकवतेस?”

आणि त्यांनी माझे पट्टे ओढून पुढे आणले आणि पोटावर एक जाडजूड गाठ मारली. मी एका बाजूला कलंडलो. लहान मुले फिदीफिदी हसली. पुढच्या खेपेला काका स्वतःसाठी नवा गार्ड घेऊन आले, चिकटपट्टीचा, एकट्याने घालता येणारा. मॅडमनी तो हातात घेऊन “छान आहे हो,” म्हटले आणि कपाटाच्या वर ठेवून दिला. अजून तिथेच आहे. मग काका नाइलाजाने पाठ करून उभे राहू लागले. ‘बांधतेस का?’ मात्र कधी विचारले नाही. नुसते उभे राहायचे.

फाइट सुरू झाली की काका जीव खाऊन पाय मारायचे. त्यातला एखादा टिचकीला लागायचा आणि ती लगेच म्हणायची, “लागली.” तिची किक यायची ती नियमाप्रमाणे आवरलेली. माझ्या बरगडीकडच्या भागावर अलगद टेकायची. मला व्यवस्थित कळायची. काकांनाही कळायची, कारण प्रत्येक वेळी त्यांचे पोट आत ओढले जायचे. आणि काका म्हणायचे, “टेकली नुसती.” किंवा, “कोपराला लागली.” किंवा काहीच म्हणायचे नाहीत, ही तर कमालच. जिना उतरताना वर आणखी, “आज पण मीच जिंकलो, काय?”

टिचकी हसायची. पहिल्यांदा खरे हसायची, मग उगीच, मग हसेनाशी झाली. घरी ज्याने सायकल शिकवली, पोहायला शिकवले, तो माणूस इथे येऊन डोळ्यांदेखत खोटे बोलतो, हे पोरीला कसे सोसणार? आणि तिची अडचण नीट समजून घ्या. काकांनी कबूल करावे असे वाटत असेल तर तिला जोरात मारायला हवे होते. आणि जोरात मारले तर नियम मोडला असता. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. तळपाय आणि मस्तक मला नाहीत, ही गोष्ट वेगळी.

अशात काळ्या पट्ट्याच्या परीक्षेसाठी नावे पाठवायची वेळ आली. टिचकी या दिवसाची लहानपणापासून वाट पाहत होती. मॅडम म्हणाल्या, “तुझा पाय चालतो, हे मला माहीत आहे. तो आवरता येतो का, ते बघायचंय. नवख्या माणसाशी फाइट खेळून दाखव. त्याला न दुखवता किक लावायची. जमलं तर तुझं नाव पाठवते.”

क्लासमध्ये सगळ्यात नवखा मोठा माणूस एकच होता.

त्या संध्याकाळी सगळी मुले भिंतीला टेकून बसली. टिचकीने माझी गाठ बांधली, दोन बोटे आत सरकवून ती सैल-घट्ट बघितली. “शिजाक,” मॅडम म्हणाल्या. पहिलीच किक सुरेख आली. टेकली. मी ऐकायला आतुर झालो. काका गप्प. दुसरी आली, पहिलीपेक्षा सुरेख. काका म्हणाले, “हवेत गेली.” तिसरी थेट माझ्या मधोमध. भिंतीशी बसलेले एक पोर चुकून ‘लागली’ म्हणून गेले आणि मॅडमनी त्याच्याकडे पाहिले. काका हसून म्हणाले, “अगं, जोरात मार ना. असल्या फुंकरीने कोणाला काय व्हायचंय?”

मला पुढचे कळले ते तिच्या पाऊल रोवण्याच्या आवाजावरून. मी एवढ्या लाथा खाल्ल्या आहेत, पण त्या पोरीची पुरी लाथ मी तोवर कधी खाल्ली नव्हती. हॉलभर आवाज घुमला. माझी खांद्याकडची शिवण उसवली आणि काका मॅटवर बसले, श्वास शोधत.

“आता लागली का?” टिचकीने विचारले.

“कल्यो,” मॅडम म्हणाल्या. म्हणजे थांबा. त्या काकांजवळ बसल्या, त्यांचा श्वास परत आला की नाही ते पाहिले, आणि मग उठून टिचकीसमोर उभ्या राहिल्या. “मी काय दाखवायला सांगितलं होतं? तुझं नाव या वेळी मी पाठवणार नाही.”

टिचकी वाकली आणि कपडे बदलायला गेली. आता तुम्हीच सांगा, मित्रांनो, काका तेव्हा काय म्हणू शकले असते? ‘मॅडम, आधीच्या तिन्ही लागल्या होत्या.’ एवढेच. पण ते मूग गिळून बसले. पांढऱ्या पट्ट्याचे टोक बोटांभोवती गुंडाळत बसले. मी त्यांच्या छातीवर होतो. त्यांचे काळीज धडधडत होते, तेही मला कळत होते, आणि तरी तोंड उघडेना. एवढ्या वर्षांत मला स्वतःला भिरकावून द्यावेसे वाटले ते त्या एकाच दिवशी.

ज्याच्या अंगावर गार्ड फाटला त्याने तो शिवून आणायचा, हाही मॅडमचा नियम. त्यामुळे मी ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत मागच्या सीटवर जाऊन पडलो. टिचकी पुढे न बसता माझ्याशेजारी बसली.

“बाबा, आधीच्या लागल्या होत्या की नव्हत्या?”

“सीट बेल्ट लाव,” काका म्हणाले.

त्यानंतर ती क्लासला गेली नाही. दुसऱ्या दिवशी तिने सांगितले, पाय दुखतोय. मग सांगितले, अभ्यास आहे. पुढे काही सांगायचेही बंद केले. मी मागच्या सीटवर पडून होतो, उसवलेल्या खांद्याचा, न वाळवलेला. काकांकडे गाडी शिकायला येणारे लोक माझ्यावर आपल्या पिशव्या ठेवू लागले. माझे आयुष्य संपले, असे मी धरून चाललो होतो.

काकांच्या शिकाऊ लोकांत एक दातांचे डॉक्टर होते. मोठे नाव, मोठा दवाखाना. लोकांना ‘काही दुखत नाही’ असे सांगण्यात आयुष्य गेलेले, त्यामुळे स्वतःच्या शब्दावर गाढ विश्वास. एका सकाळी ते गाडी मागे घेत होते. काका फोनवर बोलत होते, पाय ब्रेकवर न्यायला क्षणभर उशीर झाला. मागून कर्र असा आवाज आला आणि मी सीटवरून खाली घरंगळलो.

“डॉक्टर, लागली,” काका म्हणाले.

“छे, छे. जागा आहे अजून.”

“अहो, आवाज आला.”

“दुसऱ्या कोणाच्या गाडीचा असेल.”

“खांबाला लागलीय, डॉक्टर! उतरून बघा हवं तर.”

“टेकली असेल फार तर.”

काका उसळले. “टेकली काय, टेकली? लागली म्हणायला काय जातं तुमचं? मला काय आंधळा—”

आणि तिथेच थांबले. मला उचलून सीटवर ठेवायला ते मागे वळले होते. मला हातात घेऊन ते तसेच वळलेले राहिले. डॉक्टरांनी आधी आरशात पाहिले, मग काकांकडे, मग पुन्हा आरशात. काकांचे ते गप्प बसणे त्यांना सहन होईना.

“बरं बाबा, लागली,” डॉक्टर म्हणाले. “माझीच चूक. पण असं गप्प नका हो बसू.”

मी डॉक्टरांना नीट निरखून पाहिले. दोन्ही हात जागेवर, चष्मा जागेवर, दवाखानाही बहुधा जागेवरच असणार. त्यांचे काही म्हणजे काही कमी झाले नव्हते. काकांनीही हेच पाहिले असावे. डॉक्टरांना सोडून ते गाडीतच बसले, सीटची कव्हरे शिवायचा दोरा काढला आणि माझा खांदा शिवू लागले. टाके वेडेवाकडे आले. अजून आहेत, दाखवीन कधीतरी.

तिथून ते मला काखेत मारून चष्म्याच्या दुकानात गेले. मॅडम एका फ्रेमची काडी सरळ करत होत्या.

“त्या दिवशीच्या सगळ्या लागल्या होत्या,” काका दारातूनच म्हणाले. “त्याच्या आधीच्यासुद्धा. तुम्ही तिचं नाव पाठवा.”

“तिला सांगितलंत?”

“तिने विचारलं होतं.”

“मग?”

“मी म्हटलं, सीट बेल्ट लाव.”

मॅडमनी हातातली फ्रेम खाली ठेवली आणि डोळे मिटून घेतले. दोघांपैकी जास्त कोण वैतागले होते, त्या की मी, हे सांगणे अवघड आहे. “तुम्ही खोटं बोललात म्हणून तिचा पाय सुटला, हे मला तेव्हाही दिसत होतं,” त्या म्हणाल्या. “पण सुटला तो सुटला. उद्या काळा पट्टा बांधून ती मुलांना शिकवेल. तेव्हा कोणी चिडवलं तर काय करणार? उद्या दोघं या. पुन्हा खेळा. आणि माझ्यासमोर कबुली देऊन काय उपयोग? जिला द्यायची तिला द्या.”

त्या संध्याकाळी काका टिचकीला आणायला तिच्या कॉलेजसमोर गेले. ती आली, मागे माझ्याशेजारी बसली. काका पुढच्या काचेकडे बघत म्हणाले, “सगळ्या लागल्या होत्या.”

“माहितेय मला.”

“माहीत होतं तर मग—”

“मला माहीत असून काय उपयोग, बाबा? म्हणायचं तुम्ही होतं. सगळ्यांसमोर मीच चुकल्यासारखी उभी होते.”

“हो,” काका म्हणाले. आणि जरा वेळाने, “लाज वाटत होती गं. लहान लहान पोरं बघत बसलेली. एवढीशी होतीस तू, आणि आता तुझा पाय येतो तो मला दिसतच नाही.”

टिचकी खिडकीबाहेर बघत राहिली. तिचा हात माझ्या नव्या टाक्यांवरून फिरत होता. “शिवलंय किती घाण,” ती म्हणाली. पण आवाज निवळला होता, आणि मला केवढे बरे वाटले म्हणून सांगू.

दुसऱ्या दिवशी काका मला छातीशी धरून तिच्यापुढे उभे राहिले, वळले आणि म्हणाले, “बांधतेस का?”

तिने मला बांधले. इतके आवळले की माझ्यातली हवा निघून गेली.

“श्वास घेता येतोय का?”

“नाही.”

“मग सांगायचं ना तसं,” असे म्हणून तिने गाठ सैल केली.

नमस्कार झाला. या वेळी काका कमरेतून वाकले. गुडघे वाजले तरी वाकले. “शिजाक.” टिचकीचा पाय उचलला गेला आणि काका मोठ्याने ओरडले, “लागली!”

आता मात्र मी कपाळावर हात मारून घेतला असता. कारण ती लागली नव्हती! चांगली वीतभर लांब राहिली होती.

“नाही लागली, बाबा,” टिचकी म्हणाली.

“असू दे गं. देतो मी.”

“कल्यो,” मॅडम म्हणाल्या. “काका, ती काही मागायला आलेली नाही तुमच्याकडे. उदारपणा घरी दाखवा. लागली तर लागली म्हणा, नाही तर गप्प बसा. आधी नाही म्हणून मोठे झालात, आता हो म्हणून मोठे होताय.”

काकांचा चेहरा पडला. मलाही त्यांची दया आली, नाही असे नाही. माणसाने मन मोठे करावे आणि तेही चुकीचे निघावे! पण मॅडमचे खरे होते. पुन्हा सुरुवात झाली. टिचकी थांबली, डावीकडे भुलवून उजवीकडून आली, आणि तिचा पाय माझ्या काठाशी अगदी हलकेच टेकला. भिंतीशी बसलेल्या कोणालाही ते दिसले नसते. मॅडमनाही दिसले नसावे. ते फक्त मला कळले, आणि माझ्या आत जो होता त्याला.

काकांनी एकदा लेकीकडे पाहिले.

“लागली,” ते म्हणाले. साध्या आवाजात, कोणी वेळ विचारली तर सांगतात तशा.

टिचकी एकदम रडायलाच लागली, आणि रडत रडतच पुढची किक आवरून आणली. तीही लागली. काकांनी तीही सांगितली. मॅडमनी फाइट संपवली आणि नाव पाठवते म्हणाल्या.

परीक्षा दुसरीकडे होती. मला कोणी नेले नाही. तिथे नवे, एकसारखे गार्ड लागतात. मी कपाटात बसून होतो. एवढ्या सगळ्यातून गेल्यावर निकालाच्या दिवशी आपल्याला कोणी विचारू नये, याचे वाईट वाटते, लपवत नाही. निकाल मला पोरांच्या ओरडण्यावरून कळला. टिचकीला काळा पट्टा मिळाला होता.

तो पट्टा बांधून ती पहिल्यांदा हॉलमध्ये आली, तेव्हा लहान मुले तिच्याभोवती गोळा झाली. कोणी पट्ट्याला हात लावून बघत होते, कोणी तिच्यासारखी उभी राहून दाखवत होते. तिने कपाटातून मला काढले, छातीला लावले आणि बाबांकडे पाठ केली. “बांधता का?” तिने विचारले. काकांनी मला बांधले आणि दोन बोटे घालून गाठ तपासली.

फाइट सुरू झाली. ती हसत हसत, सहज खेळत होती. मुले प्रत्येक किकला टाळ्या वाजवत होती. काकांचा पाय नेहमीप्रमाणे उशिरा निघाला, वाटेत अडखळला, आणि तिचे लक्ष टाळ्यांकडे असताना बोटांच्या टोकांनी माझ्या खालच्या कडेला लागून गेला. फारच हलके. कोणी पाहिले नाही. काकांनाही कळले नाही. ते तोल सावरत होते.

टिचकी गप्प राहिली.

मित्रांनो, ती एवढीशी असल्यापासून मी तिला ओळखतो. लागायच्या आधी ओरडणारी पोर ती. आणि आता मी तिच्या छातीवर होतो, आत तिचे काळीज धडधडत होते, अगदी त्या दिवशी बाबांचे धडधडत होते तसेच. समोर टाळ्या वाजवणारी मुले, कमरेला कोरा करकरीत काळा पट्टा. मी मनात म्हणत होतो, म्हण गं. म्हणून टाक. एवढ्या उशिराची सवय लागली तर मग सुटत नाही.

काका पुन्हा पवित्रा घेऊन उभेही राहिले होते. टिचकीने हात वर केला.

“थांबा, बाबा. लागली.”

“कधी?” काका खरेच चकित झाले होते.

“मघाशी. मला म्हणायला उशीर झाला.”

टाळ्या थांबल्या. एका लहानग्याने ‘काळ्या पट्ट्यालापण लागते?’ असे विचारले, आणि मॅडम म्हणाल्या, “लागते तर. नीट बघ तिच्याकडे.” तो नीट बघू लागला.

त्या दिवशी क्लास संपल्यावर माझी गाठ काकांनी सोडली. घामाने ती आवळली होती. नखे लावून, दात लावून, पण कात्री न लावता सोडली. मला पुसून खिडकीत ठेवले. आता माझा फोम बसत चालला आहे, लाल रंग विटला आहे आणि निळा त्याहून जास्त. फार वर्षे राहिली नसतील. माझे मागणे थोडके आहे. तुमच्या क्लासच्या कपाटातही माझ्यासारखा एखादा असेल, त्याला ओला कोंबू नका, त्याची गाठ सोडून ठेवा. घालताना समोरच्याकडे पाठ करा आणि तोंडाने विचारा, ‘बांधतोस का?’ आणि किक लागली की त्याच क्षणी म्हणून मोकळे व्हा. कोणी पाहिले नाही असे समजू नका. मी तिथेच, तुमच्या छातीवर असतो.